टाकीत पेट्रोल आहे, तरी गाडी चालेना: शोध कुठून सुरू करायचा

जुनी मोटरसायकल रुसली की भोवती जमलेल्यांपैकी कुणाचा तरी हात आधी कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मग घाम निघेपर्यंत किका, आणि शेवटी 'कार्ब्युरेटर गेला' असा निकाल. कालपर्यंत नीट चाललेल्या गाडीचे स्क्रू रात्रीत आपोआप फिरत नाहीत. बिघाड बहुतेक वेळा कार्ब्युरेटरच्या आधीच्या वाटेत असतो: टाकीच्या झाकणात, टाकीखालच्या पेट्रोल चालू-बंद करायच्या कॉकमध्ये, नाहीतर कडक झालेल्या पाइपात. शेताला पाणी पोचत नसेल तर आपण विहिरीपासून पाटाच्या कडेने चालत येतो, शेवटच्या वाफ्यात खणत बसत नाही. इथेही टाकीपासून एकेक टप्पा खाली यायचं. कार्ब्युरेटर खोलायची पाळी आलीच, तर सगळ्यात शेवटी.

हे सगळं कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी आहे: हिरो होंडाची सीडी १०० आणि स्प्लेंडर, यामाहा आरएक्स १००, बजाज बॉक्सर, जुनी बुलेट. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन बसलं. त्यांचं पंप-सेन्सरचं प्रकरण वेगळं, त्यात आत्ता शिरत नाही. उदाहरणाला स्प्लेंडर घेतो. ती घरोघरी आहे आणि तिच्यात पेट्रोल नुसतं स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, मध्ये पंपबिंप काही नाही. नवशिक्याला यापेक्षा सोपी गाडी मिळायची नाही.

कामाला बसण्याआधी

गाडी मोकळ्या हवेत, सावलीत, मेन स्टँडवर घ्या. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सोसायटीच्या तळघरात किंवा बंद पडवीत हे काम नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि दारातल्या पणतीपर्यंतसुद्धा पोचू शकते. विडी-सिगारेट तर नाहीच. शेजारी बादलीभर कोरडी वाळू ठेवा. पेट्रोल पेटलं तर पाणी मारायचं नसतं. आणि पाइपातून पेट्रोल तोंडाने ओढू नका. गॅरेजमध्ये करताना पाहिलं असेल, तरी नाही. चुकून फुप्फुसात गेलं तर थेट हॉस्पिटल.

हत्यारं थोडीच लागतात: १० नंबरचा पाना, प्लगपाना, पक्कड, एक काचेची बरणी, सुती फडकं, छोटे भाग ठेवायला जुनी थाळी. स्टार स्क्रू ड्रायव्हर मात्र चांगल्यातला घ्या. कार्ब्युरेटरचे स्क्रू मऊ असतात. सैल बसणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी गुळगुळीत होतात, आणि मग पाच मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस जातो. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढत चला.

आधी ठरवा: पेट्रोल की करंट?

गाडी बंद कशी पडली ते आठवा. बटण दाबल्यासारखी एकदम गेली असेल तर संशय करंटवर. मिसिंग मारत, झटके खात, धापा टाकत गेली असेल तर पेट्रोलवर. हा नुसता अंदाज झाला. खात्री स्पार्क प्लग देतो.

चोक देऊन (तो हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो) आठ-दहा किका मारा आणि प्लग खोला. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाहीये. ओलं असून पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येतंय, कदाचित जरुरीपेक्षा जास्त येतंय, किंवा करंट नाहीये. करंट बघायला प्लग पुसून त्याच्या कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. स्वच्छ निळी ठिणगी दिसली पाहिजे. त्याआधी सांडलेलं पेट्रोल पुसा, बरणी लांब ठेवा आणि ठिणगी प्लगच्या भोकापासून दूर पडेल असं बघा.

तरीही शंका राहिली तर प्लगच्या भोकात अर्धा छोटा चमचा पेट्रोल घाला, प्लग घट्ट बसवा, आजूबाजूला पेट्रोल नाही ना बघा आणि किक मारा. गाडी दोन क्षण फुरफुरून बंद पडली तर करंट ठीक आहे आणि पेट्रोल वाटेत अडतंय. हे एकदाच करा. पुन्हा पुन्हा केलं तर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं.

टाकी आणि तिचं झाकण

पेट्रोल आहे का, हे टाकी हलवून आवाजावरून ठरवू नका. झाकण उघडून डोळ्यांनी बघा. कॉक चालू आहे ना तेही बघा. हसू नका, धुऊन आणलेल्या गाडीचा कॉक बंदच राहिलेला असतो.

कॉकच्या आत टाकीत वर गेलेली एक नळी असते. 'ऑन'वर पेट्रोल त्या नळीच्या तोंडातून येतं, म्हणून पातळी त्याखाली गेली की गाडी थांबते. 'रिझर्व्ह'वर ते टाकीच्या तळातून येतं. ऑनवर बंद पडते आणि रिझर्व्हवर चालते, तर बहुधा पेट्रोलच कमी आहे. टाकी अर्ध्यावर असूनही असंच होत असेल तर ऑनची वाट तुंबलीय. उलट, रिझर्व्हवर टाकल्यावरच गाडी अडखळू लागली तर तळाचा गाळ किंवा पाणी खाली उतरलंय.

झाकणाला हवेचं एक बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. ते धुळीने किंवा पॉलिशने बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. लक्षण अगदी ठरलेलं: गाडी काही किलोमीटर झकास चालते, मग दम तोडते, थोडा वेळ उभी केली की परत चालू होते, आणि पुन्हा तेच. अशी बंद पडल्यावर लगेच झाकण उघडा. 'फुस्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर चोर सापडला. भोक साफ करा, झाकणाचं रबर तपासा. या एका बारक्या भोकापायी लोकांनी पूर्ण कार्ब्युरेटर बदललेले आहेत.

पाण्याचं वेगळं. पावसाळ्यात झाकणाच्या कडेला पाणी साचतं, आणि वॉशिंग सेंटरवरचा फवारा तर थेट किल्लीच्या भोकात जातो. धुऊन आणलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी चालू होत नसेल तर करंटइतकाच पाण्याचाही संशय घ्या. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी थोडं असेल तर ते पेट्रोलमध्येच मिसळून राहतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला वेगळा थर करतात, आणि कॉक नेमकं तिथूनच ओढतो. रिझर्व्हवरचं थोडं पेट्रोल बरणीत काढून पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा थेंब फिरताना दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजं पेट्रोल ओतून भागत नाही.

धार बघायची

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत उपयोगी चाचणी हीच, आणि तिला काही खोलावंही लागत नाही.

कॉक बंद करा. पेट्रोलचा पाइप कार्ब्युरेटरच्या टोकाला जिथे बसतो तिथली क्लिप पक्कडीने मागे सरकवा. पाइप सरळ ओढू नका, डावीकडे-उजवीकडे थोडा पिळून सैल करा. जुना पाइप ओढला की चिरतो. टोक बरणीत सोडा आणि कॉक चालू करा. आता घड्याळ लावून मिनिटभर नुसतं बघत बसा.

सलग, न तुटणारी धार आली पाहिजे आणि मिनिटभर तशीच राहिली पाहिजे. एक हिशेब करू. ताशी ६० च्या वेगाला लिटरमागे ६० किलोमीटर देणारी गाडी तासाला १ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला साधारण १७ मिलिलिटर. भरपूर नाही. म्हणूनच अर्धवट तुंबलेल्या कॉकवरही गाडी गल्लीत छान चालते आणि हायवेला लागल्यावर गुदमरते. बरणीत मिनिटाला १०० मिलिलिटर तरी सहज जमायला हवं.

धार जोरात सुरू होऊन हळूहळू बारीक झाली तर झाकण उघडून बघा. धार लगेच वाढली तर हवेच्या भोकाचंच दुखणं. पहिल्यापासून थेंबथेंब असेल तर कॉक ऑनवरून रिझर्व्हवर फिरवून फरक बघा. मध्ये कुणी वेगळा फिल्टर बसवला असेल तर तो काढून पुन्हा धार बघा. फिल्टरवर बाणाची खूण असते, ती टाकीकडून कार्ब्युरेटरकडे हवी. कारचा मोठा फिल्टर या गाड्यांना बसवू नये. तो पंपाच्या दाबासाठी केलेला असतो, नुसत्या वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलला अडवतो.

कॉक खोलायचा तर टाकी आधी रिकामी करा. वरच्या नळीवरची बारीक जाळी, आणि कॉकच्या तळाशी छोटी वाटी असेल तर तिच्यातला गाळ साफ करा, रबरं नवी टाका. पाइप दाबून बघा: कडक झाला असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील, तर बदलाच. पेट्रोलसाठीचाच पाइप घ्या. फिशटँकची पारदर्शक नळी दिसायला छान दिसते, पण पेट्रोलने काही दिवसांतच लाकडासारखी होते आणि तोंडाशी गळायला लागते. टाकी पुन्हा बसवताना पाइप मुडपला नाही ना, इंजिनला टेकत नाही ना, हेही बघा.

कार्ब्युरेटर न काढता एवढं बघा

धार चांगली असेल तर पाइप परत बसवा. कार्ब्युरेटरच्या तळाला पेट्रोलची वाटी असते आणि तिला खाली एक ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली बरणी धरा, कॉक चालू ठेवून स्क्रू सैल करा. आधी वाटीतलं साठलेलं पेट्रोल भसकन येईल. ते संपल्यावरही बारीक धार चालू राहिली तर पेट्रोल वाटीपर्यंत व्यवस्थित येतंय. साठलेलं आलं आणि मग थांबलं, तर वाटीच्या तोंडाशी असलेली फ्लोटची निडल अडकलीय. फ्लोट म्हणजे वाटीतला तरंगता भाग; वाटी भरली की तो ही छोटी सुई वर दाबून पेट्रोल अडवतो.

बरणीत काय आलं ते उजेडात धरा. तांबूस कण म्हणजे टाकीतला गंज. तळाला लोळणारे थेंब म्हणजे पाणी. पिवळट-तपकिरी आणि जुन्या वार्निशसारखा वास असलेलं, म्हणजे शिळं पेट्रोल. बरेचदा एवढी वाटी धुतली गेल्यावरच गाडी चालू होते आणि पुढचं काही करावंच लागत नाही.

दुसरी सोपी चाचणी चोकची. गाडी चालू असताना, ज्या वेगाला ती अडखळते त्या वेगाला चोक अर्धा द्या. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. आणखी बिघडली, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय: एअर फिल्टर बुजलाय, चोक पूर्ण उघडत नाहीये, किंवा वाटी ओव्हरफ्लो होतेय.

जादा हवेचा संशय असेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला सांधा बघा. तिथलं रबर चिरतं, ओ-रिंग चपटी होते. गाडी सुरू ठेवून सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. काही जण इथे क्लीनरचा स्प्रे मारतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी मी तो मारणार नाही.

आता खोला

चोकशिवाय चालू राहत नाही, स्लो रनिंग टिकत नाही, पण रेस दिली की ठीक चालते: पायलट जेट, म्हणजे स्लो रनिंगला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा भाग, तुंबलाय. स्लो ठीक, पण वेग घेताना गुदमरते आणि धार मात्र चांगली आहे: वेगाला पेट्रोल देणाऱ्या मेन जेटकडे बघा. अशी लक्षणं असली तरच पुढे जा.

कॉक बंद, वाटी रिकामी. वरचं गोल झाकण फिरवून काढा. केबलसकट कार्ब्युरेटरचा पिस्टन (इंजिनचा नव्हे) आणि त्याची लांब निडल बाहेर येईल. ती वाकू न देता फडक्यात गुंडाळून बाजूला लटकवा. एअर फिल्टरकडची पट्टी सैल करा, इंजिनकडचे दोन बोल्ट काढा, कार्ब्युरेटर हातात येतो. वाटीचे स्क्रू काढताना स्क्रू ड्रायव्हर जोराने दाबून मग फिरवा.

वाटीखाली पांढरा किंवा काळा फ्लोट दिसेल. त्याची आडवी पिन हळूच सरकवा आणि फ्लोट उचला. सोबत छोटी निडल लोंबत येईल, ती हरवू नका. मधला पितळी मेन जेट आणि शेजारच्या खोल भोकातला पायलट जेट नेमक्या मापाच्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. काही कार्ब्युरेटरमध्ये पायलट जेट ठोकून बसवलेला असतो, तो निघत नाही; ओढाताण करू नका, जागेवरच साफ करा.

पायलट जेट उजेडाकडे धरून एका डोळ्याने आरपार बघा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसायला हवा. ठिपका अर्धवट दिसला, कडेला खाल्ल्यासारखा वाटला, किंवा दिसलाच नाही, तर रोग हाच. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून तासभर ठेवा, मग वायरमधला तांब्याचा एक बारीक तार घालून अलगद मोकळा करा. सुई, टाचणी, पिन यातलं काही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कचऱ्यात. कार्ब्युरेटरच्या अंगातल्या वाटांमध्येही स्प्रे मारा, पण आधी सगळी रबरं काढा आणि चष्मा लावा, कारण फवारा दुसऱ्याच भोकातून थेट डोळ्यात येतो. पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली तर उत्तम.

पाइपातून पेट्रोल ठिबकत असेल तर

वाटीच्या बारीक पाइपातून उभ्या गाडीचं पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची निडल नीट बसत नाहीये. आधी वाटीला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. अडकलेला कण कधीकधी एवढ्यानेच सुटतो. नाही थांबलं तर निडलचं टोक नखाने चाचपा. गोल खाच पडली असेल तर नवी निडल. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल खुळखुळतंय का ऐका. खुळखुळत असेल तर तो तरंगणार नाही, बदला. सगळं बसवल्यावर स्वच्छ, कोरडी नळी लावून फुंका: कार्ब्युरेटर सरळ धरला असता हवा जायला हवी, उलटा धरला की अडली पाहिजे.

ओव्हरफ्लो झालेल्या गाडीचं इंजिन ऑइल न तपासता किक मारू नका. पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलेलं असू शकतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल इंजिन खातं.

परत बसवताना

पिस्टनला एक उभी खाच असते, ती कार्ब्युरेटरच्या आतल्या खुंटीत बसते, आणि तळाची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे येते. जबरदस्तीने उलटा बसवला तर रेस अडकते. चालू करण्याआधी एक्सलरेटर फिरवून सोडा: 'टक' करून पूर्ण मागे आला पाहिजे, हँडल दोन्ही बाजूंना वळवल्यावरसुद्धा.

एअर स्क्रू (स्लो रनिंगला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढणार असाल तर काढण्याआधी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागले ते लिहून ठेवा आणि तितक्याच फेऱ्यांवर परत आणा. आत नेताना हलक्या हाताने, टोक नाजूक असतं. आकडा हुकलाच तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. गाडी गरम झाल्यावर तो पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत जलद आणि सलग चालेल ती जागा शोधा, मग स्लो रनिंगचा स्क्रू कमी करा. एक लक्षात ठेवा: स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने हवा वाढते, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल वाढतं. दोन्हींचा गोंधळ झाला की दिवसभर फिरवत बसाल.

गावी उभी असलेली गाडी

मे महिन्यात कोकणात वापरून ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी गणपतीला चालू होत नाही, हे दरवर्षीचं. उभ्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा नेमका पायलट जेटमध्ये बसतो. मुंबईला परतण्याआधी कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होईल. उरलेलं ड्रेन स्क्रूने काढा. टाकी मात्र रिकामी किंवा अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि आतून गंज चढतो.

गाडी दुरुस्त झाल्यावर दोन-तीन दिवसांनी ड्रेन स्क्रू पुन्हा उघडून बघा. पेट्रोल स्वच्छ आलं तर काम झालं. पुन्हा तांबडे कण आले तर कितीही वेळा कार्ब्युरेटर धुवा, उपयोग नाही, टाकीच उतरवावी लागेल. कॉक काढून त्याचं तोंड बंद करा आणि पेट्रोलचा वास जाईपर्यंत टाकी साबणाच्या पाण्याने धुवा. मग लिटरभर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम लिंबूसत्त्व या प्रमाणात मिश्रण भरून रात्रभर ठेवा. खडखडाट करायला आत नट टाकणार असाल तर मोजून टाका आणि मोजूनच काढा. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवून लगेच कडक उन्हात वाळवा. ओली ठेवली तर तासाभरात नवा गंज धरते. वाळली की कपभर पेट्रोलमध्ये चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल घालून आत सगळीकडे फिरवा आणि काढून टाका. टाकीला भोक असेल तर मात्र घरच्या घरी वेल्डिंग करवून घेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. ते काम टाक्यांची सवय असलेल्या कारागिराचंच.